पाटा काढण्याआधी : दणके देणाऱ्या फोर बाय फोरचा हिशोब

मारुती जिप्सी, पहिल्या पिढीची थार, महिंद्र मेजर किंवा एमएम ५४० यांपैकी एखादी गाडी मुंबईत रोजच्या वापराला ठेवणाऱ्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा की या गाड्या अशाच असतात, सवय करून घ्यावी. आणि दुसरा असा की मागच्या पाट्यांपैकी, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी स्प्रिंगच्या पट्ट्यांपैकी, एक पाटा काढून टाकावा, म्हणजे गाडी मऊ होईल. पहिला सल्ला आळसाचा आहे आणि दुसरा घाईचा. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर किंवा उड्डाणपुलाच्या सांध्यावर कमरेला जो दणका बसतो, तो बहुतेक वेळा पाट्यांच्या मूळ ताठपणातून येत नाही. पाटे गंजून एकमेकांत अडकलेले असतात, टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा असते आणि शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) भलत्याच वजनाच्या गाडीसाठी बनवलेले असतात, म्हणून तो येतो. ही गोष्ट अंदाजाने नव्हे, तर कागद-पेन्सिल घेऊन आकड्यांनी पटवून घेता येते, आणि त्यासाठी शाळेतल्या वर्गमुळापलीकडे गणित लागत नाही.

आधी ताठपणा का दिलेला असतो ते पाहू. महिंद्रच्या गाड्यांची पूर्वज आणि या साऱ्या प्रकाराचा मूळ नमुना असलेली विलिज जीप १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी बनू लागली आणि सैन्याच्या वर्गवारीत ती पाव टनी ट्रक होती. पुढे आणि मागे अखंड (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा असलेला) अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाटे, आणि दोन अ‍ॅक्सलमध्ये अंतर फक्त ८० इंच, अशी तिची बांधणी होती. जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हाही चारही चाकांवर पाटेच होते. रिकामी जिप्सी साधारण एक टनाची, आणि तिने वाहून न्यायचे माणसे-सामानाचे ओझे जवळपास अर्ध्या टनाचे. यातले बहुतेक ओझे मागच्या अ‍ॅक्सलवर येते. म्हणजे मागचे पाटे एकट्या चालकासाठी नव्हे, तर मागे बसलेल्या सहा जणांसाठी किंवा शिधा-दारूगोळ्यासाठी मोजून घातलेले आहेत. ताठ गाडी म्हणजे दणकट ऑफरोड गाडी, असा एक समज आहे तो इथेच सोडून द्यावा. खडकाळ वाटेवर चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत यासाठी अ‍ॅक्सलला मोकळेपणाने वाकडेतिकडे होता यायला हवे, आणि त्यासाठी मऊ, लांब हालचालीच्या स्प्रिंगाच लागतात. ताठपणा हा ओझे वाहण्याचा गुण आहे, डोंगर चढण्याचा नव्हे.

आता हिशोबाकडे येऊ. कोणतीही गाडी तिच्या स्प्रिंगांवर एका ठरावीक गतीने वर-खाली हेलकावते आणि ती गती काढण्याची एक सोपी रीत आहे : गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली आहे ते घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने ५ ला भागावे, उत्तर येते ते सेकंदाला होणाऱ्या हेलकाव्यांची संख्या. स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला १ हेलकावा, ११ सेंटिमीटर दबली असेल तर दीड, आणि सव्वासहा सेंटिमीटर दबली असेल तर बरोबर २. आरामशीर मोटारी साधारण १ ते दीडच्या दरम्यान असतात. रिकाम्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलला २ हा आकडा उदाहरणादाखल धरायला हरकत नाही. एका चाकावर सोयीसाठी २५० किलो वजन धरले, तर सव्वासहा सेंटिमीटर दबणारा पाट्यांचा संच म्हणजे सेंटिमीटरमागे ४० किलोचा ताठपणा असलेला संच होय. हा ४० चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

सेकंदाला २ हेलकावे सुखद नसतात, पण असह्यही नसतात. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या कंपनांचा. कारण पोट, छाती आणि मणका यांची स्वतःची हलण्याची गती याच पट्ट्यात येते. कंपनांचा माणसावर होणारा परिणाम मोजण्याचे आयएसओ २६३१ हे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही या पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेले आहे. मग प्रश्न असा उरतो की जी गाडी कागदावर २ हेलकाव्यांची आहे, तिच्यात बसल्यावर पोट ढवळते आणि दात वाजतात ते कशाने? ४ ते ८ च्या पट्ट्यात तिला कोण ढकलते?

उत्तर टायरमध्ये आहे, पण त्याकडे जाणारी वाट पाट्यांमधून जाते. पाट्यांचा संच वाकतो तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावर किंचित सरकतो. हे सरकणे घासून होत असल्यामुळे संच हलवायला आधी घर्षणाला हरवावे लागते. पावसाळ्यात फुगलेला लाकडी ड्रॉवर जसा हलके ओढून मुळीच हलत नाही आणि जोर लावला की एकदम बाहेर येतो, तसेच गंजलेल्या पाट्यांचे असते. छोट्या धक्क्याला ते हलतच नाहीत. पाटे हलले नाहीत की ती स्प्रिंग नसून अ‍ॅक्सल आणि चासी यांना जोडणारी लोखंडी पट्टी होते, आणि मग गाडीला खरी स्प्रिंग एकच उरते, ती म्हणजे टायर. टायर एक सेंटिमीटर दाबायला ढोबळमानाने २०० किलोचा भार लागतो, म्हणजे तो आपल्या पाट्यांच्या पाचपट ताठ आहे. २५० किलोला तो सव्वा सेंटिमीटर दबणार, १.२५ चे वर्गमूळ सुमारे १.१२, आणि ५ भागिले १.१२ म्हणजे जवळपास साडेचार. गाडी नेमकी त्या वाईट पट्ट्यात जाऊन बसली.

हा सगळा प्रकार मोठ्या खड्ड्यात जाणवत नाही, हे विशेष. मोठ्या खड्ड्यात धक्का इतका जबर असतो की घर्षण क्षणात हरते आणि पाटे आपले काम करतात. म्हणूनच असे मालक सांगतात की गाडी गावच्या कच्च्या रस्त्यावर बरी चालते, पण मुंबईतल्या चांगल्या म्हणवणाऱ्या रस्त्यावर छळते. ही तक्रार ऐकली की पाट्यांचे घर्षण हा पहिला संशयित धरावा.

हा संशय घरच्या घरी तपासता येतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक न ओढता चाकांना उटी (अडवायचे दगड) लावावी, आणि जमल्यास मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट काढून ठेवावा म्हणजे त्याचा अडथळा मोजमापात येत नाही. मग दोघांनी मिळून गाडीचा मागचा भाग खाली दाबावा आणि अगदी सावकाश सोडावा. गाडी जिथे थांबेल तिथे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. आता तोच भाग वर उचलून तितक्याच सावकाश सोडावा आणि पुन्हा मोजावे. घर्षण नसते तर दोन्ही मापे सारखी आली असती. समजा फरक ३ सेंटिमीटर आला. सेंटिमीटरमागे ४० किलो या हिशोबाने तो १२० किलोचा झाला. त्याचा निम्मा, म्हणजे ६० किलो, हा घर्षणाचा एका दिशेने अडवणारा जोर. टायर सेंटिमीटरला २०० किलो मागतो, त्यामुळे ६० किलो म्हणजे रस्त्याचा ३ मिलिमीटरचा उंचवटा. याचा अर्थ असा की ३ मिलिमीटरपर्यंतच्या कोणत्याही उंचवट्याला पाटे जागचे हलणार नाहीत, तो सरळ टायरमधून चासीत आणि चासीतून सीटमध्ये येणार. फुटपाथजवळचे पेव्हर ब्लॉक पाहिले तर शेजारच्या दोन ब्लॉकांच्या उंचीत इतका फरक असतोच असतो. (हा हिशोब ढोबळ आहे, अ‍ॅक्सलचे स्वतःचे वजन त्यात वेगळे काढलेले नाही, पण दिशा दाखवायला तो पुरेसा आहे.)

मुंबईत हे घर्षण वाढण्याची कारणे हवेतच आहेत. वरळी, वर्सोवा किंवा उरणच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पाट्यांमध्ये खारी दमट हवा शिरते, चार महिने साचलेल्या पाण्यातून गाडी जाते, आणि पाट्यांमधली फट लोखंडाच्या गंजाने भरून येते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पाटे टोकाशी फाकतात आणि मधल्या भागात आवळतात. असा संच सोडवून जमिनीवर मांडला की दोन खुणा हमखास दिसतात. पाट्यांच्या मधल्या भागावर तपकिरी पापुद्रे असतात, ते नखाने उचलून येतात. आणि जिथे खालच्या पाट्याचे टोक वरच्या पाट्याला टेकते, तिथे एक आडवी चकचकीत घळ पडलेली असते. खालच्या पाट्याची धारदार कड वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी रुतत गेलेली असते. प्रत्येक धक्क्याला ती कड आधी त्या घळीतून वर चढते आणि मगच सरकते. नुसते वरून ऑइल मारून ही घळ जात नाही, हे पाहिल्यावर लगेच कळते.

त्यामुळे पहिला खर्च करायचा तो इथे. संच सोडवावा, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज काढावा, घळीचा उंचवटा घासून सपाट करावा, प्रत्येक पाट्याच्या टोकाची खालची-वरची धार कानशीने गोल करावी, पाट्यांवर गंजरोधक रंगाचा पातळ हात द्यावा, आणि टोकाखाली नायलॉन किंवा तत्सम कठीण प्लॅस्टिकची पट्टी बसवावी, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही. ग्रीस मारावे की नाही यावर मतभेद आहेत. ग्राफाइट मिसळलेले ग्रीस स्वच्छ रस्त्यावर उत्तम काम करते, पण मातीत फिरणाऱ्या गाडीत तेच ग्रीस धूळ धरून ठेवते आणि सहा महिन्यांत त्याचा घासपेपर होतो. अशा गाडीला कोरडी पट्टीच बरी, असे माझे मत. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जुने काळे इंजिन ऑइल फवारून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिचा पाट्यांना थोडा उपयोग होतो, पण पाट्यांच्या टोकांना बोल्टभोवती बसवलेल्या रबरी नळ्यांना, म्हणजे बुशांना, ते ऑइल फुगवते आणि मऊ करते. काळे ऑइल मारून घ्यायचेच असेल, तर बुशांवर आधी फडके गुंडाळायला सांगावे.

हे काम साध्या कार गॅरेजपेक्षा ट्रकचे काम करणाऱ्यांकडे चांगले होते. वडाळ्याचे ट्रक टर्मिनल, कळंबोली किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड या भागांत ज्यांचे हात रोज पाट्यांवर असतात असे कारागीर सापडतात. त्यांना दोन गोष्टी मात्र आधीच बजावून सांगाव्यात. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान द्यायची असेल तर ती थंड पाट्याला ठोकून द्यावी, गॅसने लाल करून नव्हे. कारण लाल झालेल्या स्प्रिंगच्या पोलादाचे पाणी उतरते आणि असा पाटा काही दिवसांत एक तर पुन्हा बसतो किंवा तुटतो. आणि पाट्यांचा संच अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घालावेत. एकदा पूर्ण ताणून सोडलेला यू-बोल्ट पुन्हा तितका ताण धरत नाही, आणि तो सैल झाला की सगळा जोर मधल्या सेंटर बोल्टवर येऊन तो तुटतो, मग अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. नवे यू-बोल्टही काही शे किलोमीटर गाडी चालवल्यावर पुन्हा आवळावे लागतात.

संच बाहेर आहे तोवर बुश आणि शॅकलही (पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) पाहून घ्यावेत. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. म्हणून त्याचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर असताना, अ‍ॅक्सल खाली लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच बुश कायमचा पिळलेला राहतो, स्प्रिंगला विनाकारण जास्तीचा ताठपणा देतो आणि लवकर फाटतो. ही चूक इतकी सर्रास होते की नवीन बुश घातल्यावर गाडी जास्त कडक झाली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश टिकाऊ असतात हे खरे, पण ते रबराइतके बारीक कंपन गिळत नाहीत, आणि ग्रीस सुकले की किरकिरतात. आरामासाठी साधे रबरच घ्यावे. शॅकलचे काम असे की पाटा दबून लांब झाला की त्याच्या टोकाला सरकायला जागा द्यायची. गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल घातली किंवा जास्त कमानीचे पाटे घातले, की शॅकलचा कोन बिघडतो. ती पाट्याच्या स्थिर टोकाच्या दिशेने कललेली असेल, तर पाट्याला लांब होणे अवघड जाते आणि तितका दणका वाढतो.

आता टायर. वर आपण पाहिले की बारीक धक्क्यांना टायर हीच मुख्य स्प्रिंग आहे, आणि टायरचा ताठपणा त्यातल्या हवेबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो. पेट्रोल पंपावरचा हवा भरणारा गाडीचा आकार पाहून सवयीने ३५ पौंड भरतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत रिकाम्या गाडीसाठी त्यापेक्षा कमी आकडा दिलेला असेल, तर तोच ठेवावा, आणि सकाळी टायर थंड असताना मोजावा. तापलेला टायर दोन-चार पौंड जास्त दाखवतो. पुस्तिकेतल्या आकड्याच्या खाली मात्र डांबरी रस्त्यावर जाऊ नये. कमी हवेचा टायर बाजूने तापतो आणि द्रुतगती मार्गावर फुटू शकतो. खडक किंवा वाळूसाठी हवा कमी केली असेल, तर रस्त्यावर येताच भरून घ्यावी. टायर मोठा घातला असेल तर मूळ आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. मोठ्या टायरमध्ये हवेचे आकारमान जास्त असल्यामुळे तेच वजन तो कमी दाबावर पेलतो. दहा प्लाय रेटिंगचा, जाड बाजूंचा, मोठ्या गोट्यांचा मड टायर एक टनाच्या गाडीला घालणे हे दिसायला रुबाबदार असले, तरी त्याच्या बाजू इतक्या ताठ असतात की हवा कमी करूनही तो मऊ होत नाही. शिवाय त्याचे वजन स्प्रिंगच्या खाली पडते. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत स्प्रिंगखालचे वजन आधीच भरपूर असते; ते जितके वाढेल तितके खड्ड्यातून उसळणारे चाक गाडीला जास्त जोराने ढकलते.

शॉकअपबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. शॉकअप वजन पेलत नाही. तो फक्त हालचालीचा वेग रोखतो, आणि दाबला जाताना जितका रोखतो त्यापेक्षा उघडताना जास्त रोखतो. उघडतानाचा अडथळा गरजेपेक्षा जास्त असेल तर एकामागून एक येणाऱ्या उंचवट्यांवर, उदाहरणार्थ रम्बलरच्या पट्ट्यांवर, पाटा पूर्ण उघडण्याआधीच पुढचा धक्का येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटच्या धक्क्यांना हालचालीला जागाच उरत नाही. दोन टनांच्या एसयूव्हीसाठी बनवलेला परदेशी शॉकअप जिप्सीला बसवला की नेमके हेच होते. शॉकअप महाग आहे म्हणून तो योग्य आहे असे नसते; तो आपल्या गाडीच्या वजनासाठी बनलेला असावा लागतो. गाडीचा कोपरा दाबून ती किती वेळा उसळते हे पाहण्याची जुनी परीक्षा पाट्यांच्या गाडीला लागू पडत नाही, कारण शॉकअप मेलेला असला तरी पाट्यांचे घर्षणच तिला थांबवते. शॉकअप सोडवून हाताने ओढून-दाबून पाहावा : अडथळा सर्वत्र सारखा लागला पाहिजे, मध्येच पोकळ वाटता कामा नये, आणि बाहेरून ऑइल पाझरलेले नसावे.

पहिल्या थारच्या सीआरडीई प्रकारात पुढच्या चाकांना पाटे नव्हे तर टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारे दांडे) असतात, आणि तिथे गाडी उंच करण्यासाठी समायोजनाचा बोल्ट आवळण्याची फॅशन आहे. बोल्ट आवळल्याने बारचा स्वतःचा ताठपणा वाढत नाही, फक्त उंची वाढते. तरीही गाडी कडक लागते. चाकाची खाली जाण्याची हालचाल त्या प्रमाणात संपलेली असते, म्हणून प्रत्येक खड्ड्यात चाक खालच्या टोकाला आपटते, आणि तो आवाज व दणका स्प्रिंगचा समजला जातो. बोल्ट मूळ उंचीवर आणून ठेवणे हा फुकटातला उपाय आहे.

इतके केल्यावरही मागून ताठपणा जाणवत असेल, तर मग पाट्यांच्या संख्येकडे वळावे. आणि तिथेही आधी गणित करावे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांतला एक काढला की ताठपणा एक पंचमांशाने उतरतो. आपली सव्वासहा सेंटिमीटरची दाब ७.८ सेंटिमीटर होते, ७.८ चे वर्गमूळ सुमारे २.८, आणि ५ भागिले २.८ म्हणजे सेकंदाला १.८ हेलकावे. मिळाले काय, तर २ ऐवजी १.८. गेले काय, तर गाडी मागून दीड सेंटिमीटर खाली बसली, उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण सव्वापट झाला, आणि भरल्या गाडीत अ‍ॅक्सल बंप स्टॉपच्या (हालचालीच्या टोकाला धडक झेलणाऱ्या) रबराला आधीच्या मानाने लवकर भिडू लागला. बंप स्टॉपवर आपटणे हा कोणत्याही पाट्यापेक्षा जबर दणका असतो, त्यामुळे मऊ केलेली गाडी चार माणसे बसताच आधीपेक्षा कडक झाल्याचा अनुभव येतो. शिवाय पाटे केवळ स्प्रिंग नसतात. अ‍ॅक्सलला जागेवर धरण्याचे कामही तेच करतात. पाटे कमी झाले की जोरात ब्रेक मारताना किंवा चढावर गिअर टाकताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. याउलट घर्षण घालवले तर छोट्या धक्क्यांसाठी साडेचार हेलकाव्यांवरून २ वर येता येते, आणि ओझे वाहण्याची ताकद तशीच राहते. एका बाजूला ०.२ चा फायदा आणि दुसऱ्या बाजूला अडीचचा, एवढे आकडे समोर असताना पाटा काढण्याचा क्रमांक शेवटी लागतो.

पाटा काढायचाच ठरला, तर वरचा मुख्य पाटा आणि त्याच्या डोळ्याला (टोकाच्या गोल वळणाला) वेढून असलेला दुसरा पाटा यांना हात लावू नये. मुख्य पाटा तुटला तर दुसराच अ‍ॅक्सलला सांभाळतो. मधला पाटा काढावा, दोन्ही बाजूंचा एकाच क्रमांकाचा काढावा, आणि गाडीत कायम किती माणसे बसणार हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, हेही विसरू नये. जाडी एक अष्टमांशाने कमी असलेला पाटा एक तृतीयांशाने मऊ असतो, म्हणून संचातले सगळे पाटे सारखे धरून केलेला वरचा हिशोब प्रत्यक्षात थोडा इकडेतिकडे होतो. पैसे असतील तर पॅराबोलिक पाटे हा जास्त चांगला मार्ग आहे. त्यांत दोन-तीनच पाटे असतात, मध्यापासून टोकाकडे ते निमुळते होत जातात आणि फक्त मध्यावर व टोकाला टेकतात, त्यामुळे घर्षण जवळजवळ नसतेच. पण मग घर्षण जे फुकटात थोडे डॅम्पिंग (हेलकावे विरवण्याची मदत) देत होते तेही जाते, आणि ते काम पूर्णपणे शॉकअपवर येते. पॅराबोलिक पाटे आणि जुने शॉकअप ही जोडी डोलणारी गाडी देते.

फक्त मागची बाजू मऊ करत सुटू नये, याला आणखी एक कारण आहे. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना दाखवून दिले की गाडीची पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी मऊ असेल, तर उंचवट्यावरून गेल्यावर मागची बाजू उशिरा सुरू होऊनही पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि गाडी मान न हलवता सपाट वर-खाली होते. मागची बाजू पुढच्यापेक्षा मऊ केली की नेमके उलटे होते. जीपमध्ये मागची बाजू मुळातच फार ताठ असते, तेव्हा ती थोडी मऊ करायला वाव आहे. पण पुढच्या पातळीच्या खाली नेली तर दणका जाऊन त्याच्या जागी डुलकी येते आणि मागे बसलेल्या मुलांना गाडी लागते. काहीही न बदलता मागे वजन ठेवून पाहणे हाही चांगला प्रयोग आहे. मागच्या पाट्यांवर ४०० किलो असताना सेकंदाला २ हेलकावे घेणारी गाडी ६०० किलो असताना सुमारे १.६ घेते. वाळूच्या दोन गोण्या टाकून फेरी मारली की पाटे ताठ आहेत की अडकलेले, याचा अंदाज येतो : ताठ असतील तर गोण्यांनी लगेच फरक पडतो, अडकलेले असतील तर पेव्हर ब्लॉकवर तोच खडखडाट राहतो.

कायद्याचेही थोडे पाहावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करण्यावर बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात ते अधोरेखित केले. साफसफाई, मूळ मापाचे बुश, योग्य हवा आणि मूळ वर्गाचे शॉकअप ही देखभाल झाली. उंची, टायरचा आकार आणि स्प्रिंगांचा प्रकार बदलणे म्हणजे गाडीत बदल करणे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक नेमके तेच पाहतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कारागिराला बदलता येत नाही, ती म्हणजे दोन अ‍ॅक्सलमधले अंतर. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि महापालिकेने गेल्या काही वर्षांत काँक्रीटचे केलेल्या रस्त्यांवर आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. दिवसा-रात्री तापमान बदलते तशा काँक्रीटच्या लाद्या कडांना किंचित उचलतात किंवा खाली वळतात. जिप्सीच्या अ‍ॅक्सलमधले अंतर २३७५ मिलिमीटर, म्हणजे लादीच्या जवळपास निम्मे. त्यामुळे पुढची चाके सांध्यावर असतात तेव्हा मागची चाके लादीच्या मध्याजवळ असतात, पुढचा भाग वर जातो तेव्हा मागचा खाली येतो, आणि गाडी होकार देत राहते. कोणत्या वेगाला हे सर्वांत जास्त जाणवेल तेही काढता येते. पाटे अडकलेल्या, साडेचार हेलकाव्यांच्या गाडीला साडेचार मीटरचे सांधे ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास नेमके तालात भेटतात, आणि द्रुतगती मार्गावर जीप बहुधा त्याच वेगाने चाललेली असते. पाटे मोकळे केलेल्या, २ हेलकाव्यांच्या गाडीचा तोच वेग ताशी ३२ वर येतो. तिथे धक्क्याचा जोरही कमी असतो आणि ताशी ४५ केले की ताल मोडतो. म्हणजे शहरातल्या काँक्रीटवर गाडी डोलू लागली तर वेग कमी करण्याऐवजी, रहदारी आणि वेगमर्यादा पाहून, थोडा वाढवून बघावा. डोलणे उरतेच, ते दोन अ‍ॅक्सलच्या मध्याजवळ सर्वांत कमी आणि मागच्या अ‍ॅक्सलवर लावलेल्या आडव्या बाकांवर सर्वांत जास्त असते. तेव्हा पाठीचे दुखणे असलेल्या माणसाला पुढच्या सीटवर बसवावे आणि मागच्या बाकांवर सामान ठेवावे.